स्थैर्य की जबाबदारी? डॉ. आंबेडकर आणि अध्यक्षीय पद्धतीचा प्रश्न

बहरीनमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांपुढे राज्यकारभाराच्या तीन पद्धती एकाच वेळी उभ्या असतात. ज्या देशात ती राहतात तिथे राजे आहेत आणि त्यांनी नेमलेले पंतप्रधानही आहेत. ज्या देशाचे पारपत्र त्यांच्या आईवडिलांच्या हाती आहे तिथे राष्ट्रपती आहेत आणि पंतप्रधानही आहेत. आणि ज्या अमेरिकेचे आरमार जुफेअरच्या तळावर नांगर टाकून असते, तिथे राष्ट्राध्यक्ष आहेत, पण पंतप्रधान मुळी नाहीतच. त्यातून इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांची आणखी एक अडचण होते. भारताचे राष्ट्रपती आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष या दोघांनाही इंग्रजीत प्रेसिडेंट हाच शब्द आहे. मग अमेरिकेचे प्रेसिडेंट रोज बातम्यांत का असतात आणि भारताचे क्वचितच का, या प्रश्नाने अनेक घरांतली जेवणाची वेळ लांबते.

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर एका मराठी माणसाचे आयुष्य सांगणे सर्वांत सोयीचे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकले. एके काळी त्यांनी भारतासाठी अमेरिकेच्या वळणाचे, मुदत संपेपर्यंत न हलणारे सरकार मागितले. पुढे अवघ्या दीड-दोन वर्षांत भारताच्या घटना समितीत उभे राहून त्यांनी संसदीय पद्धतीची बाजू मांडली. या दोन भूमिकांच्या मधल्या वाटेत दोन्ही पद्धतींचे मर्म दडलेले आहे.

महू ते न्यूयॉर्क

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, आईचे नाव भीमाबाई. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. सातारच्या शाळेत महार जातीच्या या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची त्याला मुभा नसे. पुढे कुटुंब मुंबईस आले. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन भीमराव पदवीधर झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे छत्र हरपले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

ती वेळ राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी मोठी मोलाची होती. त्याच वर्षी ४ मार्चला वुड्रो विल्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली होती. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत विरोधकांची मते टाफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांच्यात विभागली गेल्यामुळे निम्म्याहून कमी लोकमत मिळूनही विल्सन विजयी झाले होते. विल्सन हे स्वतः राज्यशास्त्राचे प्राध्यापक. तरुणपणी लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी आपल्याच देशाच्या पद्धतीवर टीका केली होती आणि इंग्लंडच्या मंत्रिमंडळ पद्धतीचे गुण वाखाणले होते. त्याच १९१३ साली अमेरिकेने घटनादुरुस्ती करून सिनेटचे सदस्य थेट जनतेने निवडावेत असा बदल केला. राज्यघटना ही एकदा लिहून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, ती वापरता वापरता दुरुस्त करायची असते, हे त्या काळच्या अमेरिकेत उघड दिसत होते. जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे प्राध्यापक भीमरावांना लाभले. १९१५ साली ते एम.ए. झाले आणि मे १९१६ मध्ये भारतातील जातींच्या उगमावरचा निबंध त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात वाचला.

अध्यक्षीय पद्धत म्हणजे काय?

न्यूयॉर्कमधला विद्यार्थी जी पद्धत शिकत होता, ती मुलांना समजावी म्हणून परदेशातल्या एखाद्या गणेशोत्सव मंडळाची कल्पना करावी.

समजा, मंडळाच्या सर्व सभासदांनी मिळून एक अध्यक्ष निवडला आणि त्याला चार वर्षांची मुदत दिली. मदतनीस कोण घ्यायचे ते अध्यक्षाने ठरवायचे. मात्र हे मदतनीस कार्यकारिणीतले नसावेत असा नियम केला. सभासदांनी कार्यकारिणी वेगळी निवडली. नियम करणे आणि तिजोरीची किल्ली सांभाळणे हे तिचे काम. अध्यक्षाला कार्यकारिणी बरखास्त करता येत नाही आणि अध्यक्ष आवडेनासा झाला एवढ्यावरून कार्यकारिणीलाही त्याला घालवता येत नाही. मुदत संपेपर्यंत दोघांनी एकमेकांबरोबर राहायचे. तंटा झालाच तर तो सोडवण्यासाठी तिसरे, दोघांपासून स्वतंत्र असे पंच नेमलेले.

अमेरिकेची पद्धत थोडक्यात अशी आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींनी ती आखली आणि १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. राजाची सत्ता नुकतीच झुगारलेल्या त्या लोकांना एकाच हाती सारी सत्ता जाण्याची धास्ती होती. म्हणून त्यांनी सत्तेचे तीन भाग केले : कायदे करणारी काँग्रेस, ते अमलात आणणारा राष्ट्राध्यक्ष आणि न्याय देणारी न्यायालये. काँग्रेसची दोन सभागृहे आहेत. आज प्रतिनिधिगृहात ४३५ आणि सिनेटमध्ये १०० सदस्य असतात. राष्ट्राध्यक्षाची निवड निर्वाचक मंडळाच्या ५३८ मतांतून होते आणि विजयासाठी २७० मते लागतात. काँग्रेसने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष परत पाठवू शकतो, परंतु दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश बहुमताने तो पुन्हा मंजूर केला तर राष्ट्राध्यक्षाचा नकार निष्फळ ठरतो. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो, पण सिनेटची संमती लागते. राष्ट्राध्यक्षाला मुदतीआधी काढायचे तर महाभियोग हा एकच मार्ग, आणि त्यासाठी गंभीर गुन्हा लागतो. धोरण चुकले, लोकप्रियता घसरली, बहुमत गेले, यांपैकी एकही कारण चालत नाही.

आता मंडळाची दुसरी रीत पाहावी. सभासदांनी फक्त कार्यकारिणी निवडली. कार्यकारिणीतल्या बहुमताने आपल्यातलाच एक कार्याध्यक्ष ठरवला आणि त्याने आपले सहकारीही कार्यकारिणीतूनच घेतले. दर बैठकीत त्याला कोणीही उभे राहून हिशेब विचारू शकतो. बहुमत गेले की त्याच संध्याकाळी त्याने खुर्ची सोडायची. याशिवाय मंडळाला एक सन्मान्य अध्यक्ष असतो. आरती त्याच्या हस्ते होते, पत्रके त्याच्या नावाने निघतात, पण खर्चाचे निर्णय कार्याध्यक्ष घेतो. ही झाली इंग्लंडची आणि पुढे भारताने स्वीकारलेली संसदीय पद्धत. मराठी माणसाला ती अगदीच अपरिचित वाटू नये. छत्रपती साताऱ्यास आणि पंतप्रधान पेशवे पुण्यास, ही रचना इतिहासाच्या पुस्तकांतून प्रत्येकाने वाचलेली आहे. अर्थात पेशव्यांना जाब विचारणारी निवडलेली सभा तेव्हा नव्हती, हा फरक लहान नाही.

लंडन, रुपया आणि परतीची वाट

१९१६ साली भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे त्यांनी नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथे कोलंबियाच्या या पदवीधराला राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना जात कळताच बाहेर काढण्यात आले. जगातील दोन मोठ्या लोकशाह्यांची रचना अभ्यासून आलेल्या माणसाला आपल्या देशात रात्रीचा आसरा नव्हता. राज्यघटना कशीही लिहिली तरी समाज तसाच राहिला तर तिचा उपयोग किती, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात काही काळ शिकवून आणि जानेवारी १९२० मध्ये मूकनायक हे पाक्षिक सुरू करून ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. बहरीनच्या वाचकांना या प्रबंधाशी नाते जोडायला हरकत नाही, कारण त्या काळी मनामाच्या बाजारातही हिंदुस्थानचाच रुपया चाले आणि १९६५ मध्ये बहरीनी दिनार येईपर्यंत रुपयाचे चलन इथे कायम होते. आखातातील ब्रिटिश प्रतिनिधींचा कारभारही १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारमार्फतच चाले.

प्रश्न विचारणारा सदस्य

बॅरिस्टर होऊन आल्यावर डॉ. आंबेडकर मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. मतदानाचा हक्क हा त्यांचा जुना विषय होता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची मागणी मांडली होती. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. दरम्यान २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन सार्वजनिक हक्क म्हणजे काय हे हजारोंच्या साक्षीने त्यांनी दाखवले. गोलमेज परिषदांत त्यांनी अस्पृश्यांची बाजू मांडली आणि १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागा पदरात पडल्या.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून ते मुंबई विधानसभेत निवडून आले. प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. डॉ. आंबेडकर विरोधी बाकांवर. कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये आणले. १९३८ च्या औद्योगिक तंटे विधेयकाला त्यांनी सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपातही ते उतरले. खोती विधेयक मंजूर झाले नाही, कामगारांचे विधेयक मात्र बहुमताने पार पडले. या दोन वर्षांत संसदीय पद्धतीच्या दोन्ही बाजू त्यांनी अनुभवल्या. मंत्र्यांना रोज उभे करून जाब विचारता येतो, ही तिची ताकद. पण ज्यांच्याकडे कधीच बहुमत होऊ शकत नाही, त्यांचा जाब ऐकून सरकार शांतपणे आपले काम पुढे नेते, ही तिची उणीव.

न हलणारे सरकार का हवे होते?

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. स्वातंत्र्य जवळ येत होते आणि नव्या भारताचे सरकार कसे असावे याची चर्चा पेटली होती. मे १९४५ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मुंबईतील अधिवेशनात त्यांनी आपली योजना मांडली आणि मार्च १९४७ मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात तिला कलमांचे रूप दिले.

त्यांचा मुद्दा नीट समजून घेण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये बहुमत हे राजकीय असते. आज एका पक्षाला मत देणारा माणूस उद्या दुसऱ्या पक्षाला देतो, त्यामुळे आजचे अल्पमत उद्याचे बहुमत होऊ शकते. भारतात मात्र बहुमत जन्माने ठरण्याचा धोका होता. जो जन्मला त्या जातीतच तो राहणार, म्हणून जे आज अल्पसंख्य आहेत ते कायमच अल्पसंख्य राहणार. अशा समाजात केवळ सभागृहातल्या बहुमताच्या मर्जीवर चालणारे सरकार म्हणजे एका समाजाचे कायमचे राज्य ठरेल, अशी त्यांची भीती होती.

त्यावरचा त्यांचा उपाय मिश्र होता. मंत्री विधिमंडळाचे सदस्य नसले तरी त्यांना तिथे बसण्याचा हक्क असावा, पण विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत त्यांना कोणी हलवू नये. पंतप्रधानाची निवड एका पक्षाने न करता साऱ्या सभागृहाने एकल संक्रमणीय मताने करावी. अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या सदस्यांनी निवडावेत आणि बहुसंख्याकांचे मंत्री मात्र साऱ्या सभागृहाने, म्हणजे अल्पसंख्याकांच्या मतांसह, निवडावेत. भ्रष्टाचार किंवा देशद्रोह यांसाठी महाभियोग चालवूनच मंत्र्याला काढता यावे. न हलणाऱ्या सरकारचा हा गुण त्यांनी अमेरिकेकडून घेतला होता. मात्र साऱ्या देशाने निवडलेला एकटा बलाढ्य राष्ट्राध्यक्ष त्यांच्या योजनेत कुठेच नव्हता. त्यांना मजबूत माणूस नको होता, दुबळ्यांचा वाटा निश्चित असलेले मंत्रिमंडळ हवे होते. आज अध्यक्षीय पद्धतीच्या बाजूने डॉ. आंबेडकरांचे नाव घेणाऱ्यांनी हा भेद विसरू नये.

मसुद्याचा शिल्पकार

१९४६ मध्ये ते बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले होते. फाळणीमुळे ती जागा गेली. तेव्हा राजेंद्र प्रसाद यांनी खेरांना पत्र लिहून डॉ. आंबेडकरांना मुंबईतून निवडून पाठवण्याची विनंती केली आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने मोकळ्या झालेल्या जागेवर ते आले. ज्या खेरांना विधानसभेत त्यांनी दोन वर्षे धारेवर धरले, त्यांच्याच प्रांतातून ते घटना समितीत पोहोचले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्टला नेमलेल्या सात जणांच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एका सदस्याचा मृत्यू, कोणाचा राजीनामा, कोणाची प्रकृती, कोणाची अन्य कामे यांमुळे लेखनाचा मुख्य भार त्यांच्यावरच पडला, हे समितीचे सदस्य टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहात मोकळेपणाने सांगितले.

संसदीय पद्धत घ्यावी हा निर्णय मसुदा समिती बसण्याआधीच, १९४७ च्या उन्हाळ्यात, घटना समितीच्या उपसमित्यांनी घेतलेला होता. त्या निर्णयाला कायद्याचे रूप देणे हे काम डॉ. आंबेडकरांकडे आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभागृहापुढे ठेवताना त्यांनी जे विवेचन केले, ते आजही या विषयावरचे मराठी माणसाने केलेले सर्वांत सोपे विवेचन आहे.

त्यांनी प्रथम नावाचा घोटाळा दूर केला. भारताचा राष्ट्रपती आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष यांच्यात नावापलीकडे साम्य नाही. भारताच्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, पण राष्ट्रावर राज्य करत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष आपल्या कोणत्याही सचिवाला केव्हाही घरी पाठवू शकतो आणि त्यांचा सल्ला मानण्याचे त्याच्यावर बंधन नाही. भारताच्या राष्ट्रपतीने मात्र मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागायचे आणि संसदेत बहुमत असेपर्यंत त्या मंत्र्यांना त्याला काढता येत नाही. सल्ल्याचे हे बंधन पुढे १९७६ च्या दुरुस्तीने घटनेत स्पष्ट शब्दांत आले.

मग त्यांनी तराजू हाती घेतला. लोकशाही सरकारकडून दोन गोष्टी अपेक्षित असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणालाही सापडलेली नाही. अमेरिकेची आणि स्वित्झर्लंडची पद्धत स्थैर्य अधिक देते, जबाबदारी कमी. इंग्लंडची पद्धत जबाबदारी अधिक देते, स्थैर्य कमी. अमेरिकेत सरकारची परीक्षा निवडणुकीच्या वेळी होते. संसदीय पद्धतीत ती निवडणुकीच्या वेळी तर होतेच, शिवाय प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव आणि अविश्वास प्रस्ताव यांच्याद्वारे रोजही होते. भारतासारख्या देशाला रोजची परीक्षा अधिक हितकारक आहे, असा मसुद्याचा कौल होता.

हा तराजू मुलांना दोन मतांच्या गोष्टीने दाखवता येतो. १८६८ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर सिनेटमध्ये महाभियोग चालला. पस्तीस सदस्य विरुद्ध गेले, छत्तीस हवे होते. एक मत कमी पडले आणि सभागृहाचा विश्वास केव्हाच गमावलेले जॉन्सन मुदत संपेपर्यंत पदावर राहिले. १७ एप्रिल १९९९ रोजी भारतात अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारला विश्वासदर्शक ठरावावर २६९ मते मिळाली, विरोधात २७० पडली. एका मताने सरकार गेले. पहिल्या गोष्टीत स्थैर्य जिंकले, दुसरीत जबाबदारी. दोन्हींची किंमत दोन्ही देशांनी मोजली. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस यांचे खर्चावरून बिनसले की सरकारी कार्यालये आठवडेच्या आठवडे बंद राहतात. भारतात १९९६ ते १९९९ या तीन वर्षांत लोकसभेच्या तीन निवडणुका झाल्या.

विरोधी आवाज

घटना समितीत या निवडीला विरोध झाला नाही असे नाही. मुंबईत गाजलेले अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शाह यांनी डिसेंबर १९४८ मध्ये सत्ताविभाजनाची दुरुस्ती मांडली. मंत्री विधिमंडळातच बसू लागले की आमिषे आणि गटबाजी वाढेल, सरकार आणि सभागृह यांच्यातली भिंत भक्कम हवी, असा त्यांचा आग्रह होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनीही न हलणाऱ्या सरकारची बाजू घेतली. त्यांचा एक आधार अल्पसंख्याकांची सुरक्षितता हाच होता. म्हणजे दीड वर्षापूर्वी डॉ. आंबेडकरांनी लिहिलेला युक्तिवाद आता त्यांच्यासमोरच्या बाकावरून येत होता.

त्यांचे उत्तर व्यवहाराचे होते. न्यायसंस्था सरकारपासून वेगळी हवी याबद्दल वाद नाही. परंतु सरकार आणि संसद यांच्यातल्या कडक भिंतीला खुद्द अमेरिकेतले जाणकारही कंटाळले आहेत. आधुनिक राज्याचे काम इतके गुंतागुंतीचे झाले आहे की मंत्री सभागृहात प्रत्यक्ष बसून मार्गदर्शन करत नसतील तर सदस्यांना ते नीट करता येणार नाही. शाह यांची दुरुस्ती नामंजूर झाली.

मंत्रिमंडळात अल्पसंख्याकांना निवडून आलेला वाटा ही डॉ. आंबेडकरांची मागणी घटनेत आली नाही. तिच्या जागी दुसरी कुंपणे आली. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम, मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा देणारे बत्तिसावे कलम, अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आणि प्रत्येक प्रौढाला एक मत. संरक्षण मंत्रिमंडळाच्या रचनेतून मिळाले नाही, ते न्यायालयाच्या दारातून आणि मतपेटीतून मिळवायचे ठरले.

कागदावरची लोकशाही आणि माणसे

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना स्वीकारली जाण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी शेवटचे मोठे भाषण केले. त्यात आनंदापेक्षा काळजी अधिक होती. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल, हे त्यांनी बजावले. राजकारणातल्या व्यक्तिपूजेपासून सावध राहायला सांगितले, कारण ती वाट हुकूमशाहीकडे जाते. आणि राजकारणात समता, पण समाजात आणि अर्थकारणात विषमता, अशा विसंगतीत देश पाऊल टाकत असल्याची जाणीव करून दिली. दुसऱ्या दिवशी ३९५ कलमांची घटना स्वीकारण्यात आली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली.

संसदीय पद्धतीची कसोटी लवकरच त्यांच्यावरही आली. स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलाचा सरकारने पाठपुरावा सोडला, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. त्यांनी लिहिलेल्या घटनेनेच काजरोळकरांना आणि त्यांना समान मताचा अधिकार दिला होता. राज्यसभेत जाऊन ते पुन्हा विरोधी बाकावर बसले आणि सरकारला प्रश्न विचारू लागले. त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार मुंबईत दादरच्या समुद्रकिनारी झाले.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या चरित्रातून मुलांसाठी घेण्यासारखी गोष्ट कोणती पद्धत श्रेष्ठ ही नाही. प्रत्येक देश आपल्या इतिहासातून आपली घडी बसवतो. ज्या बहरीनमध्ये ही कुटुंबे राहतात, त्याने १५ ऑगस्ट १९७१ रोजी, भारताच्याच स्वातंत्र्यदिनी, आपले स्वातंत्र्य जाहीर केले. २००२ पासून इथे राजेशाहीच्या चौकटीत जनतेने निवडलेले चाळीस सदस्यांचे सभागृह आणि राजांनी नेमलेले चाळीस सदस्यांचे सभागृह अशी रचना आहे आणि त्याच वर्षीच्या निवडणुकांत इथल्या स्त्रियांनीही मतदान केले. देश कोणताही असो, त्याची घटना वाचताना मुलांनी तीन प्रश्न विचारायला शिकावे. निर्णय कोण घेतो? त्याला जाब कोण विचारू शकतो? आणि ज्यांची संख्या थोडी आहे, त्यांनी कुठे जायचे? डॉ. आंबेडकरांनी पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर परिस्थितीनुसार बदलले. तिसरा प्रश्न त्यांनी १९१९ च्या साउथबरो समितीपासून अखेरपर्यंत सोडला नाही.